बारा वाजून अठ्ठावीस

तातोबा वाचत होता आणि मी सुपातले गहू निवडत ऐकत होते. आमच्या छापखान्यात पद्धतच तशी. तातोबानं अक्षरांचे खिळे जुळवायचे, कच्चा कागद काढायचा आणि शाई ओली असतानाच मला सगळा अंक मोठ्यानं वाचून दाखवायचा. मी मान हलवली की यंत्र फिरायचं. चंपाक्काला चूक कानानं कळते, असं गावात म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. वाचता येत होतं मला, पण माझं वाचणं म्हणजे चिखलातली बैलगाडी. दुसरीत शाळा सुटली, त्याच्यापुढं जे आलं ते छापखान्यात ऐकून ऐकून आलं.

'येरळाकाठ' हे साप्ताहिक आमच्या ह्यांनी काढलेलं. ते गेल्यावर लोकांना वाटलं आता कुलूप लागणार. मी कुलूप लावलं ते फक्त शाईच्या कपाटाला, कारण शाई चोरीला जात होती. मुलगा भालचंद्र संपादक झाला, बातम्या आणायचा तो. पण काय छापायचं आणि काय नाही हे ह्या सुपाशेजारी ठरायचं. आणि आमचा एक नियम होता. 'येरळाकाठ'मध्ये चूक झाली तरी 'चूक झाली' असं कधी छापायचं नाही. एकदा एका जिवंत माणसाला आम्ही श्रद्धांजली वाहिली, तेव्हासुद्धा छापलं नाही. तो माणूस स्वतः आला, त्याला मी चहा दिला आणि म्हटलं, तुमचं आयुष्य वाढलं.

अंकाच्या शेवटच्या पानावर खाली उजवीकडं एक चौकट असायची. 'वैजूला विचारा'. वैजू म्हणजे भालचंद्राची थोरली, वैजयंती. दहा वर्षांची. एका आठवड्याला जाहिरात आली नाही म्हणून जागा उरली होती, तिथं तातोबानं गंमत म्हणून तिचं एक उत्तर लावलं: काजव्याचा उजेड गरम असतो का? वैजूनं लिहिलं होतं, 'नाही. मी मुठीत धरून बघितला. पण काजव्याला ते आवडलं नाही.' पुढच्या सोमवारी सात पोस्टकार्डं आली. त्याच्या पुढच्या सोमवारी एकवीस. उंटाच्या पाठीत पाणी असतं का, गांडुळाला डोळे असतात का, मासा झोपतो तेव्हा बुडत का नाही. पोरगी पुस्तकं चाळायची, गुरांच्या डॉक्टरला गाठायची, कोष्ट्याच्या मागाखाली शिरायची, आणि लिहायची. जे सापडत नसे त्याखाली सरळ लिहायची, 'मला माहीत नाही. शोधते आहे.'

हे मला खपत नसे. दुकान मांडून माल नाही म्हणायचं, हे कुणी शिकवलं तुला, असं मी विचारायची. ती म्हणायची, "पण नाहीये माहीत, अक्का." एवढंच. वर हसायची.

तर त्या दिवशी तातोबा चौकट वाचत होता. कुणा शिंप्यानं विचारलं होतं, माणसाची सावली त्याला सोडून जाते असं म्हणतात, तसा दिवस खरंच असतो का? खाली वैजूचं उत्तर: 'असतो. आपल्या गावात वर्षातून दोनदा. दुसऱ्यांदा पावसाळ्यात, पण तेव्हा ढग असतात. पहिल्यांदा आठ मे रोजी, बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. चौकातल्या झेंड्याच्या खांबापाशी या. दाखवते.'

मी सूप खाली ठेवलं.

"पुन्हा वाच ती वेळ."

त्यानं वाचली.

"सूर्य डोक्यावर कधी येतो, तातोबा?"

"मध्यान्हीला."

"मध्यान्ह कधी होते?"

"बाराला, अक्का. भोंग्याला."

"मग ही अठ्ठावीस मिनिटं कुठली? सूर्य वाटेत चहाला थांबतो?"

तातोबा हसला, पण चिमटा हातात घेऊन तसाच उभा राहिला. पोरीला एकदा विचारावं, असं काहीतरी पुटपुटला. भालचंद्र त्या आठवड्यात यंत्राच्या कामासाठी पुण्याला गेला होता. मी म्हटलं, पोरीनं लिहायचं आणि मी बघायचं, असं ठरलंय. त्यानं खिळे काढले आणि नवे बसवले. 'ठीक बारा वाजता.' वाचून दाखवलं. कानाला गोड लागलं. मी मान हलवली.

अंक निघाला तेव्हा वैजू गच्चीवर होती. मे महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत पडायचे आणि कावळ्यांवर पहारा द्यायला पोरांना बसवायचं, हा घरोघरचा रिवाज. वैजू एका कुंडीत काठी रोवायची, काठीला काळं फडकं बांधायची आणि शेजारी पोस्टकार्डं घेऊन बसायची. मी कुरडया उलटायला वर गेले तर अंक तिच्या मांडीवर उघडा होता.

"अक्का, इथं बारा केलंय."

मी म्हटलं, मी केलंय. मध्यान्ह म्हणजे बारा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"नाही पण. गेल्या वर्षी मी तुला सांगितलं होतं ना, काठीची सावली गेली म्हणून?"

सांगितलं होतं खरं. ओरडत जिन्यातून खाली आली होती. मी म्हटलं होतं, पोरीला ऊन लागलं, आणि कांदा ठेचून तिच्या टाळूवर थापला होता.

तिनं फरशीकडं बोट केलं. कोळशानं रेघा मारल्या होत्या, कुंडीपासून निघालेल्या, बारीक बारीक, प्रत्येकीच्या टोकाला आकडे. म्हणाली, रोज मारते. सावली सगळ्यात आखूड होते ती भोंग्याला नाही, नंतर. रोज खाली पळत जाऊन घड्याळ बघते. अर्ध्या तासाला दोन मिनिटं कमी, रोज तेवढीच.

मी कुरडई उलटत राहिले. पोरीला वरचढ होऊ दिलं तर उद्या सून डोक्यावर बसेल, असला काहीतरी विचार माझ्या मनात असणार. म्हटलं, मिनिटांचा हिशेब शहरात. आपलं गाव भोंग्यावर उठतं, भोंग्यावर जेवतं.

"अक्का, खाली जाऊन घड्याळात बघून सांगतेस, आत्ता किती वाजलेत?"

छापखान्यातलं ते भिंतीवरचं घड्याळ ह्यांचं. दर सोमवारी स्टुलावर चढून मी त्याला चावी द्यायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. भालचंद्रानं पहिल्या कमाईतून मला एक मनगटी घड्याळही आणलं होतं. नाजूक आहे, बिघडेल म्हणून ते ट्रंकेत रेशमी खणात गुंडाळून ठेवलं होतं.

"माझ्या गुडघ्यांना काय काम नाही का?" मी म्हटलं. "भोंगा होईल तेव्हा कळेल."

वैजू माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मग डोळे खाली घातले आणि म्हणाली, "बरं." पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या दिवशी गोंदकर मास्तर छापखान्याची पायरी चढले. निवृत्त हेडमास्तर, उन्हातान्हात काळी छत्री. आमचा अंक दर आठवड्याला लाल शाईनं चुका दाखवून परत पाठवायचे. वर्गणी भरून अंक परत पाठवणारा गावात तो एकच माणूस. वैजूची चौकट त्यांच्या डोळ्यात सलायची. असली उत्तरं दहा वर्षांच्या पोरीची नसतात, बाप लिहितो आणि पोरीचं नाव लावतो, असं ते चार जणांत म्हणायचे ते माझ्या कानावर आलं होतं. आज समोर म्हणाले. चार गिऱ्हाइकं लग्नपत्रिकेचे नमुने बघत होती, त्यांच्यासमोर.

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही चाळीस वर्षं पोरांना शिकवलंत, त्यातल्या एकालाही काही येत असेल यावर तुमचा विश्वास नाही, यात पोरांची चूक की तुमची?

गिऱ्हाइकं हसली. मास्तर हसले नाहीत. छत्रीचं टोक फरशीवर टेकवून म्हणाले, "आठ तारखेला मी चौकात येतो. सावली गेली तर मी सगळ्यांसमोर त्या मुलीला नमस्कार करीन. नाही गेली तर?"

"नाही गेली तर चौकट बंद," मी म्हटलं. "चंपाबाई शेटेचा शब्द."

वैजू आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात त्या दिवशीची पोस्टकार्डं होती, दोऱ्यानं बांधलेली. तिनं गाठ सोडून पुन्हा बांधली.

आठ तारखेला आमच्या गावचा आठवडी बाजार होता. साडेअकरापासूनच चौकात माणसं जमायला लागली. मिरचीवाल्या बायका टोपल्या सोडून आल्या, बैलगाडीवर पोरं चढली, रसवंतीवाल्यानं गुऱ्हाळ थांबवलं. झेंड्याचा खांब चौकाच्या मधोमध, लोखंडी, सरळ, वीसेक फूट उंच, खाली गोल ओटा. वैजू ओट्यावर उभी. नवा परकर घातला होता तिला, दोन वेण्या. मी खांबाच्या एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला छत्रीखाली. त्यांनी खिशातून खडू काढला आणि सावली जिथं संपत होती तिथं रेघ मारली.

बाराचा भोंगा झाला.

सगळ्या चौकानं एकदम खाली बघितलं. सावली होती. चांगली हाता-दीड हाताची, काळीभोर, पश्चिमेला पसरलेली. भोंगा विरला तरी होती.

मागून कुणीतरी म्हणालं, मला दोन दिसतायत. हशा पिकला. कुणी म्हणालं, बघा बघा, चंपाक्काला भिऊन तरी जाईल. मला ऐकू गेलेलं त्याला कळलं आणि तो टोपलीमागं दडला.

"थोडं थांबा," वैजू म्हणाली. "अर्धा तास."

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून अंक काढला. घडी घातलेला, लाल खुणांचा. शांतपणे विचारलं, अंकात 'ठीक बारा वाजता' छापलंय. हे कोणी लिहिलं?

पोरीनं माझ्याकडं बघितलं.

मी सांगते, माझ्या आयुष्यात मी सासूच्या डोळ्याला डोळा दिला, दरोडेखोराच्या दिला. त्या पोरीच्या डोळ्याला मला देता आला नाही. मी खांबाकडं बघत राहिले. बोलायला तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. माझं तोंड, जे कधी मिटत नाही म्हणून सून रडते, ते मिटलेलं राहिलं.

"चौकटीवर माझं नाव आहे," वैजू म्हणाली. "म्हणजे माझंच."

"मग तू चुकलीस."

"हो. वेळ चुकली. सावली चुकायची नाही."

 खरं सांगायचं तर मास्तरांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. पण बाराचं जेवण बाराला घेणारा माणूस तो. छत्री सरळ केली आणि मला म्हणाले, "चंपाबाई, शब्द."

"दिलाय तो दिलाय," मी म्हटलं, आणि चालायला लागले. मागं वळून बघितलं नाही. लोक वाट देत होते, आणि ते गप्प होते हे हसण्यापेक्षा वाईट होतं. दहा वर्षांची पोर भर उन्हात ओट्यावर एकटी सोडून मी घरी आले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आजवर. आता लिहायलाच बसलेय तर सगळंच लिहिते.

घरी येऊन स्वयंपाकघराशी बसले. सून पान वाढू का म्हणाली, नको म्हटलं. कितीतरी वेळ तशीच. मग तोंडावर पाणी मारावं म्हणून मागच्या अंगणात आडावर गेले. घरचा आड, अरुंद, तीस-पस्तीस हात खोल. मे महिन्यात पाणी पार तळाला जायचं. ह्या घरात आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेव्हापासून छत्तीस वर्षं त्या आडातून पाणी ओढलं. रहाटाचा आवाज, दोराचा काच, घागर कधी भरली ते हाताला कळायचं. डोळ्यांना आत फक्त काळोख दिसायचा आणि त्या काळोखात कुठंतरी चमचम.

मी घागर सोडायला वाकले आणि हात थांबला.

आड उजळला होता.

वरपासून खालपर्यंत. काठाचा चिरा, त्याखालचा चिरा, त्याखालचे सगळे, एकेक मोजून घ्यावा असा. उतरण्यासाठी कोरलेल्या खोबणी दिसत होत्या, ज्या आहेत हे मी फक्त ऐकलं होतं. कपारीत नेच्याचं एक हिरवं रोप होतं, कुणी न लावलेलं. खाली पाणी हिरवट, काचेसारखं, आणि पाण्याखाली तळ. तळ. पिवळी वाळू, चार गोटे, एक मातीचा फुटका परळ. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, मी वाकून बघतेय त्या माझ्या डोक्याच्या काळ्या आकाराच्या कडेला, सूर्य. आडाच्या तळाशी सूर्य पडला होता आणि हलत होता.

 मी रहाटाचा खांब धरला. त्या खांबाला सावली नव्हती. कट्ट्यावर तांब्या होता, त्याला सावली नव्हती. मी माझ्या पायांकडं बघितलं. पदर जेवढा पुढं आला होता तेवढं एक काळं वर्तुळ पायांभोवती, बाकी कुठं काही नाही. आपलं सगळं आपल्याच पायाशी गोळा झालेलं.

मी हात जोडले. कुणाला ते मला ठाऊक नाही.

मग छापखान्यात गेले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. एक काटा वरच्या अंगाला, एक खालच्या. छत्तीस वर्षं ते माझ्यासमोर टिकटिकत होतं. दोन काटे एकावर एक आले की बारा, एवढं मला ठाऊक होतं, तेही भोंगा व्हायचा म्हणून. बाकी सगळा दिवस ते दोन काटे माझ्यासाठी नुसते दोन काटे होते. घड्याळ तिसरीत शिकवायचे. मी दुसरीत शाळा सोडली. त्यानंतर विचारायचं कुणाला? सासूला? नवऱ्याला? मालकीण झाल्यावर जुळाऱ्याला? न विचारता दिवस गेले, आणि विचारायची वेळ निघून गेली असं मीच ठरवून टाकलं.

अनवाणीच निघाले. डांबर भाजत होतं. चौकात बाजार नेहमीसारखा चालू होता, भाव, ओरडा, माश्या. खांबापाशी फक्त दोघं. तातोबा डोक्यावर टॉवेल धरून ओट्यावर बसलेला, आणि वैजू खांबाला पाठ टेकून. तिचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला होता. ती रडत नव्हती.

"गेली होती, अक्का," ती म्हणाली. "आत्ताच. आता बघ, दुसऱ्या बाजूनं उगवायला लागली. तातोबांनी बघितली. तू नव्हतीस."

 तातोबाचे डोळे पाणावलेले होते, उन्हानं असतील.

"मी बघितली," मी म्हटलं. "आडात." मग तिच्याजवळ ओट्यावर बसले. चंपाक्का भर बाजारात ओट्यावर बसली हे लोक बघत होते, बघू देत. विचारलं, "वेळ मी बदलली हे तुला ठाऊक होतं. तातोबाला ठाऊक होतं. मास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तिनं परकराच्या काठाशी चाळा केला. मग माझ्या कानाशी आली, तातोबालासुद्धा ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली:

"मग त्यांनी विचारलं असतं, आजीनं का बदलली. तुला घड्याळ येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं."

गच्चीवर तिनं मला बघितलं होतं, बराच वेळ, ते यासाठी. तेव्हापासून तिला ठाऊक होतं. चौकट जाणार हे दिसत असतानाही तिनं ते कुणाला सांगितलं नाही. त्या दोऱ्यानं बांधलेल्या पोस्टकार्डांपेक्षा ह्या म्हातारीचा ताठा तिनं जास्त जपला होता.

आडाच्या तळाशी बघून मी रहाटाचा खांब धरला होता. तिच्याकडं बघून माझं काय झालं ते मला लिहिता येत नाही.

मग मी विचारलं, आता पुढच्या वर्षीच ना? ती म्हणाली, उद्यापण होईल. बोटभर उरेल, पण एवढ्या जाड खांबाच्या बुंध्याशी ती कुणाला दिसायची नाही.

"उठ, तातोबा," मी म्हटलं.

छापखान्यात जाऊन मी तातोबाला पत्रक सांगायला लागले. तो खिळे जुळवत होता. गुलाबी कागद होता, लग्नपत्रिकांतून उरलेला. 'काल बाराला चौकात सावली गेली नाही. चूक मुलीची नव्हती. तिनं बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं लिहिलं होतं. ते खोडून बारा मी केलं. मला घड्याळ वाचता येत नाही. आज नऊ मे रोजी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पुन्हा या. चंपाबाई शेटे.'

कागद काढून त्यानं मला वाचून दाखवला. एका ओळीवर अडखळला. "अक्का, हे घड्याळाचं वाक्य... राहू दे का?"

"ते मोठ्या टायपात घे."

त्यानं घेतलं. अंक चालू झाल्यापासून 'येरळाकाठ'च्या यंत्रातून निघालेली ती पहिली दुरुस्ती. वैजू एकेक पत्रक दोरीवर वाळत घालत होती. मध्येच येऊन मला म्हणाली, एवढं लिहायला नको होतं. मी म्हटलं, तुझ्या चौकटीत 'मला माहीत नाही' लिहितेस ते कुणाला विचारून लिहितेस?

नऊ तारखेला सकाळी, पत्रकं वाटून झाल्यावर, मी ट्रंक उघडली आणि रेशमी खण सोडला. वैजूनं चावी दिली, वेळ लावली आणि मला समोर बसवलं. लहान काटा तास, मोठा काटा मिनिटं. एकावर आला की पाच, दोनावर दहा. तीनदा चुकले. तिनं एकदाही हसून दाखवलं नाही. मी तिच्या जागी असते तर हसले असते.

अकरा वाजायच्या आतच चौक भरला. काल बाजारासाठी आलेले लोक होते, आज बाजार नसताना त्याच्या दुप्पट. मला माहीत आहे ते कशाला आले होते. सावली बघायला नाही, चंपाक्का चुकली म्हणते ते बघायला. एक बाई पत्रक पदरात बांधून आली होती. मी ओट्यावर चढले, सगळ्यांकडं बघितलं. कुणी नजर मिळवेना. गोंदकर मास्तर पुढं उभे होते. त्यांच्या हातात गुलाबी पत्रक होतं आणि त्यावर लाल शाईची एकही खूण नव्हती.

बाराचा भोंगा झाला. सावली होती. कुणी हसलं नाही.

मग ती आत यायला लागली. आधी कुणाला दिसेना. मास्तरांनी खडूची रेघ मारली, थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. रेघा खांबाच्या दिशेनं सरकत होत्या. पोरं ओरडायची थांबली. बैलगाडीचं जू, रसवंतीचं चाक, म्हाताऱ्यांच्या काठ्या, सगळ्यांच्या सावल्या आपापल्या घरी निघाल्यासारख्या आत आत चालल्या होत्या. एवढा मोठा चौक, आणि कोंबडीच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

"अक्का, किती वाजले?" वैजूनं विचारलं. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी मनगट उचललं. लहान काटा बारा ओलांडून थोडा पुढं. मोठा काटा सहाच्या अलीकडं. पाच पाचनं मोजत गेले, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, आणि मग एकेक.

"बारा वाजून अठ्ठावीस," मी म्हटलं.

खांब उभा होता आणि त्याची सावली कुठं नव्हती. मास्तरांनी छत्री मिटून काखेत घेतली, टोपी काढली आणि त्या दहा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडले. माणसं आपल्याच पायांकडं बघत जागच्या जागी फिरत होती.  मिरचीवालीनं कडेवरचं पोर खाली उभं केलं, आणि ते वाकून स्वतःची सावली शोधायला लागलं.

सगळा चौक खांबाकडं बघत होता. वैजू माझ्या मनगटाकडं.